बहिर्दिशा

मलमूत्रविसर्जनासाठी मराठीत जे शब्द शिष्टसंमत ठरले, त्यांतील बरेचसे क्रियेचे नाव घेत नाहीत, दिशेचे घेतात. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, बाहेर जाऊन येणे. कन्नडातही 'बहिर्देसे' हा शब्द याच अर्थाने आहे. म्हैसूरचा माणूस आणि कोल्हापूरचा माणूस निदान या बाबतीत एकाच दिशेकडे बोट दाखवतात. जे शब्द दिशा सांगत नाहीत ते दुसरा आडपडदा शोधतात. 'शौच' म्हणजे वस्तुतः शुचिता. 'शेतखाना' हा मूळचा सेहतखाना, म्हणजे आरोग्याचे घर. आणि 'लघुशंके'त तर देहाची निकडीची गरज शंकेच्या कोटीत नेऊन बसवली आहे. भाषेचा हा संकोच दोषास्पद नाही. लज्जा ही संस्कृतीच्या आरंभीच्या अर्जितांपैकी एक आहे. परंतु या शब्दांच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की जाणारा जाऊ शकतो. त्याला पाय आहेत, ते चालतात, उकिडवे बसण्याइतके गुडघे वाकतात, आणि वाटेतला उंबरठा त्याच्या लक्षातही येत नाही. ज्याला 'जाता' येत नाही, त्याचे काय, हा प्रश्न या शब्दसमूहाला कधी पडलेला दिसत नाही.

परंपरेला तो अजिबात पडला नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आन्हिकाचे विवेचन करताना शौचविधीचे नियम तपशिलाने मांडले आहेत : मुख कोणत्या दिशेस असावे, जलाशयापासून किती अंतर राखावे, मृत्तिका किती वेळा लावावी. याच नियमांत आतुराला, म्हणजे रुग्णाला, आणि प्रवाशाला सवलत आहे. जे निरोग्याने पूर्ण करावे ते आतुराने अंशतः केले तरी चालते. ही करुणा खरीच आहे. पण तिचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. शास्त्रकारांनी आतुरासाठी नियम शिथिल केला, जागा बदलली नाही. देह दुबळा असेल तर त्याच्याकडून अपेक्षा कमी करावी, हा तो विचार. देह जसा आहे तसा धरून भिंती, दारे आणि उंची बदलावी, हा विचार फार उशिरा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. दोहोंत अंतर सोयीचे नाही, नीतीचे आहे. पहिल्यात दुबळा माणूस कर्तव्यातून सूट मिळालेला असतो. दुसऱ्यात तो इतरांइतकाच अपेक्षित असतो, त्याची वाट पाहिलेली असते.

या प्रश्नाचा विचार म्हैसूरच्या संदर्भात करणे अनेक कारणांनी उद्‌बोधक आहे. १८९७ साली तेथील जुना लाकडी राजवाडा आगीत जळाला आणि हेन्री आयर्विन याच्या आराखड्याप्रमाणे उभारलेला नवा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाला. या दोन सालांच्या दरम्यान, प्लेगच्या अनुभवानंतर, १९०३ साली तेथे नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. मुंबईचा सुधार न्यास १८९८चा, प्रेरणा तीच. म्हैसूरच्या नव्या वसाहतींत रुंद रस्ते आले, झाडे आली, आणि घरांच्या ओळींच्या पाठीमागे अरुंद गल्ल्या राखल्या गेल्या. कन्झर्व्हन्सी गल्ल्या हे त्यांचे नाव आजही टिकून आहे. मुंबईतील घरगल्ल्यांशी आणि जुन्या वाड्यांतील टोपलीच्या संडासाच्या मागच्या दाराशी त्यांचे नाते उघड आहे. घराचा दर्शनी भाग पाहुण्यासाठी. पाठीमागची गल्ली देहाच्या अवशेषांसाठी आणि ते उचलून नेणाऱ्या माणसासाठी. तो माणूस दर्शनी रस्त्याने येऊ नये, ही त्या रचनेतली अलिखित अट होती. नगररचनाकाराने जातिव्यवस्थेवर भाष्य केले नव्हते. त्याने ती फक्त मोजपट्टीने आखून घेतली होती. भुयारी गटारे आल्यावर गल्ल्यांचे मूळ प्रयोजन संपले. दगडविटांत उतरलेला विचार इतक्या लवकर संपत नाही.

हेच शहर, ज्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरु झाले, केंद्र शासनाच्या स्वच्छताविषयक क्रमवारीत २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात पहिले आले. हा मान त्याने कमावलेला आहे, आणि तो मुख्यतः तेथील पौरकार्मिकांनी, म्हणजे सफाई कामगारांनी कमावलेला आहे. शिवाय हे शहर विकलांगांना अनोळखी नाही. अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६० च्या दशकापासून तेथे आहे. अपंग विद्यार्थ्यांसाठीचे स्वतंत्र तंत्रनिकेतन १९९१ पासून आहे. भारतीय भाषा संस्थान १९६९ साली तेथेच स्थापन झाले, आणि त्याच्या प्रादेशिक केंद्रात महाराष्ट्रातील शिक्षक कन्नड शिकण्यासाठी जात आले आहेत. दसऱ्याला राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात आणि ते पाहण्यासाठी सगळ्या वयांची, सगळ्या प्रकृतींची माणसे येतात. अशा शहराला विचारण्याजोगा प्रश्न ते स्वच्छ आहे काय, हा नाही. त्याचे उत्तर मिळालेले आहे. ते कोणाच्या देहासाठी स्वच्छ आहे, हा प्रश्न उरतो, आणि तो म्हैसूरला जितका लागू आहे तितकाच पुण्याला, नागपूरला, पणजीला आहे. म्हैसूरला तो विचारायचा एवढ्यासाठी, की जेथे अस्वच्छतेची सबब चालत नाही तेथेच तो निर्भेळपणे विचारता येतो.

एक आक्षेप प्रथम ऐकून घ्यावा लागतो, कारण तो क्षुद्र नाही. म्हैसूरहून काही तासांवर श्रवणबेळगोळ आहे, मराठीच्या अभ्यासकाला गोमटेश्वराच्या पायथ्याच्या शिलालेखामुळे ठाऊक असलेले. तेथे खडकात कोरलेल्या शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ज्यांना त्या चढवत नाहीत त्यांना डोलीतून वर नेले जाते. वृद्ध माता डोलीत बसली आहे, चार माणसे तिला खांद्यावर घेऊन चालली आहेत, या दृश्यात अपमान नाही. त्यात एक प्रकारची शोभाच आहे. आक्षेपकाचे म्हणणे असे, की ज्या समाजात खांदा द्यायला माणूस मिळतो, त्याला रॅम्पची आणि यंत्रांची काय गरज? पाश्चात्त्य समाज एकाकी आहे म्हणून तेथे प्रत्येक गोष्ट एकट्याने करता यावी अशी रचना लागते. येथे माणसे आहेत.

या युक्तिवादाला गोमटेश्वराच्या पायऱ्यांवर उत्तर देणे कठीण आहे. त्याचे उत्तर शौचालयाच्या दाराशी मिळते. पायरीवर दिलेली मदत घेणाऱ्याचे काही हिरावून घेत नाही. मंदिरात, सभागृहात, बसमध्ये कोणी उचलून बसवले तर क्वचित संकोच होतो, पण माणूस शाबूत राहतो. शौचालयात अनोळखी माणसाने उचलून बसवणे ही मदतच नव्हे असे नाही, पण ती घेताना माणसाला असे काही द्यावे लागते जे एरवी तो कोणालाही देत नाही. येथे दयेची परतफेड लज्जेने करावी लागते. म्हणून सार्वजनिक इमारतीतील ही एक लहानशी खोली नीतिविचाराच्या दृष्टीने सर्वांत कसोटीची ठरते : दया जेथे अपुरी नव्हे, तर अयोग्य ठरते, अशी ही जागा आहे. प्रवेशद्वाराशी रॅम्प नसला तर सहृदयता ती उणीव भरून काढू शकते. येथे ती भरून काढणे फक्त रचनेच्या हाती आहे.

आणि रचना नसेल तर माणूस काय करतो? तो पाणी पीत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीने कमरेखालचे बळ गेलेल्या व्यक्तीचे मूत्राशयावरील नियंत्रणही बहुधा जाते. अशा अनेकांना ठरावीक तासांनी नळीने मूत्र काढावे लागते, त्यासाठी स्वच्छ जागा, हात धुण्याची सोय आणि कडी लागणारे दार लागते. ते मिळणार नाही हे ठाऊक असले की सकाळपासून तहान मारायची, हा एकच मार्ग उरतो; आणि त्याची किंमत मूत्रमार्गाच्या संसर्गाने मोजावी लागते. नोकरदार स्त्रियांना, बाजारात बसणाऱ्या भाजीवालीला हा हिशेब चांगला परिचित आहे. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी जी 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हाच हिशेब होता. मराठीत नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे. त्यांनी कोल्हापुरात १९८४ साली सहकाऱ्यांसह अपंगांसाठी संस्था उभी केली आणि पुढे अपंगांच्या सोयीची वसतिगृहे बांधली. इमारत हा आपल्या चळवळीचा केवळ निवारा नाही, तिचा युक्तिवादच आहे, हे त्या कार्यात आपसूक सिद्ध झालेले आहे.

तपशील येथे रुक्ष वाटण्याचा धोका पत्करूनही पाहिले पाहिजेत, कारण या विषयात तत्त्व तपशिलातच राहते. चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळण्यासाठी दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटीमीटर लागते. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावून अंग सरकवता येईल एवढी जागा लागते, आसनाची उंची खुर्चीच्या आसनाशी मिळती लागते, भिंतीत माणसाचे पूर्ण वजन पेलणारी आधाराची दांडी लागते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे लागते. कोणी आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच देहाने अडते. म्हणजे ज्या क्षणी मदत खरोखर हवी असते त्याच क्षणी ते तिला बाहेर ठेवते. धोक्याची दोरी जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली यावी लागते. ज्याने हे नियम प्रथम लिहिले त्याने पडलेल्या माणसाची कल्पना केली होती. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात अनोळखी असे काही नाही. दुसऱ्याच्या देहात शिरून जग पाहणे हीच तर कादंबरीकाराची साधना समजली जाते. फरक एवढाच, की येथे कल्पनाशक्ती कमी पडली तर समीक्षक नाराज होत नाही, माणूस फरशीवर पडून राहतो.

भारतीय स्नानगृहाची स्वतःची अशी एक अडचण आहे, ती म्हणजे पाणी. ओली फरशी कुबडीला घात करते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंडी दाराशी दोन-तीन इंचांचा उंबरठा सहज घालतो. मराठी मनाला उंबरठा केवढा प्रिय; त्याची पूजा होते, त्याच्यावर रांगोळी निघते, मराठी साहित्याने त्याला स्त्रीच्या आयुष्याचे रूपक बनवले. चाकाला मात्र रूपक कळत नाही. फरशीला किंचित उतार देऊन पाणी कोपऱ्यातील जाळीकडे नेले की उंबरठ्याचे काम संपते. खर्च जवळजवळ नाही. पण तो उतार काढायचा, तर गवंड्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला ते आधी सुचावे लागते.

स्वावलंबन हा या विचाराचा शेवटचा शब्द मानला तर मात्र चूक होईल. ब्रिटिश वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांना तरुणपणी पोलिओ झाला होता. अपंगांसाठीच्या वास्तुरचनेवरील त्यांचा ग्रंथ १९६३ साली आला. पुढे नॉरिच शहरात त्यांनी चाकाच्या खुर्चीतील माणसांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा सार्वजनिक शौचालयांची अडचण ठळकपणे पुढे आली, आणि तिचे एक रूप अनपेक्षित होते. पत्नीला पती घेऊन आलेला असतो. तो स्त्रियांच्या बाजूला जाऊ शकत नाही, ती पुरुषांच्या. दारावरची दोन चित्रे या दोघांपैकी एकाला बाहेर ठेवतात. म्हणून दोन्ही विभागांबाहेर, कोणालाही घेऊन जाता येईल अशी एक स्वतंत्र खोली हवी, हा विचार पुढे आला. प्रौढ झालेला, पण स्वतःला सावरू न शकणारा मुलगा आणि त्याची आई. पार्किन्सनने थरथरणारे वडील आणि त्यांची मुलगी. असे सोबती म्हैसूरच्या रेल्वे स्थानकात दिसतात तसेच मिरजेच्याही दिसतात. ब्रिटनमध्ये २००६ पासून 'चेंजिंग प्लेसेस' या नावाने प्रौढांना आडवे ठेवता येईल असा बाक आणि उचलण्याचे यंत्र असलेल्या खोल्यांसाठी चळवळ झाली. प्रतिष्ठा म्हणजे एकटेपणा, असे समीकरण या माणसांच्या बाबतीत टिकत नाही. त्यांना मदत लागते. पण ती कोणाकडून घ्यायची हे त्यांना ठरवता यावे, आणि ती चार भिंतींआड घेता यावी. डोलीचा युक्तिवाद करणाऱ्याला येथे थोडे मागे फिरून हात पुढे करता येतो : माणसे आहेत हे त्याचे म्हणणे खरे आहे, फक्त त्या माणसांना आत येण्याएवढी जागा ठेवलेली नाही.

न्यायाच्या आधुनिक तत्त्वज्ञानालाही ही अडचण उशिरा दिसली. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली समाजाचा करार करणारी माणसे कल्पिली ती साधारणतः पूर्ण क्षमतेची, परस्परांशी सहकार्य करून लाभ मिळवणारी. मार्था नुसबॉम यांनी २००६ साली दाखवून दिले, की अशा करारात अपंगांचा प्रश्न पुढच्या टप्प्यावर ढकलला जातो, आणि जे नंतर विचारात घेतले जातात ते बहुधा दानाचे मानकरी ठरतात, न्यायाचे नव्हे. इमारतींच्या बाबतीत हे अक्षरशः घडते. आधी इमारत, मग सोय.

भारतातील कायद्याने हा क्रम उलटवण्याचा प्रयत्न केला आहे. १९९५ नंतर २०१६चा व्यापक कायदा आला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य कराव्यात, असे त्याने सांगितले. नियम जून २०१७ मध्ये जारी झाले. मुदत २०२२ मध्ये उलटली. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात नियमांमधील एक मर्मस्थान पकडले : कायदा बंधन घालतो, पण त्याखालील नियम मात्र केवळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो. न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. पुढे १५ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयांच्या आवारातील प्रसाधनगृहांविषयी निर्णय देताना स्त्री, पुरुष, अपंग व तृतीयपंथी या सर्वांसाठी तशी सोय असणे हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले गेले. जेथे न्याय मागायला जायचे तेथेच हे सांगावे लागले, यावर वेगळे भाष्य नको. भाषेच्या बाजूने एवढेच नोंदवावे, की याच दशकात शासनव्यवहारात 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. मागणी उताराची होती, मिळाले दिव्यत्व. शब्द मृदू झाला हे चांगलेच. पण दिव्य देहाला बहिर्दिशेस जावे लागत नाही, असा एक सोयीस्कर समज त्यात शिरू नये.

कायदा खोली बांधून घेऊ शकतो. ती उघडी आणि स्वच्छ ठेवणे त्याच्या हातचे कमी आहे. चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र दारावर, दाराला कुलूप, आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या, हे दृश्य देशात कोठेही सापडते. विचारले तर उत्तर मिळते, की उघडे ठेवले तर घाण होते. हे उत्तर प्रामाणिक असते, आणि म्हणूनच अस्वस्थ करते. घाण होते म्हणजे ती काढणारे हात नाहीत, किंवा आहेत पण त्यांना पुरेसे दाम नाही, किंवा ते काम कोणाच्या तरी जन्माला चिकटवून बाकीचे मोकळे झालेले आहेत. पाठीमागची गल्ली बुजली, तिचा न्याय राहिला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचे काम करू देण्याची मागणी केली, ती नाकारली गेल्यावर अन्नत्याग आरंभला, आणि येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्यासाठी उपोषण केले. बाबा आमटे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर घेतली; त्याच काळात त्यांना तो कुष्ठरोगी दिसला, ज्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे मणक्याच्या व्याधीने बाबांना स्वतःलाच बसणे अशक्य झाले. मैला उचलणारा हात आणि झडलेला देह हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला यावेत, हा योगायोग असेल. पण या दोघांना समाजाने एकाच गल्लीत ढकलले होते, हा योगायोग नव्हे. म्हणूनच एकाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या अप्रतिष्ठेवर उभी करता येत नाही; उघड्या, स्वच्छ, रुंद दाराच्या खोलीचा खर्च मांडताना सफाई कामगाराचे हातमोजे, त्याचे वेतन आणि त्याची सुट्टी त्या खर्चात धरावी लागते. वास्तुविशारदाच्या आराखड्यात ही ओळ नसते.

व्यवस्थापकाचा शेवटचा मुद्दा बहुधा संख्येचा असतो : असे किती जण येतात? २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यात गुडघे न वाकणारे वृद्ध, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला तरुण, अवघडलेली गर्भवती धरलेली नाही. पण आकडा मोठा ठरल्याने प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्न पाहणीच्या जागेचा आहे. व्यवस्थापक दाराशी उभा राहून मोजतो. जे आले नाहीत ते त्याला दाराशी दिसणार नाहीत. दसऱ्याच्या दिवशी घरातील बाकीचे राजवाड्याची रोषणाई पाहायला निघतात. चाकाच्या खुर्चीतील बाई म्हणते, तुम्ही जाऊन या, मला गर्दी सोसत नाही. कोणी तिला पुन्हा विचारत नाही. ती गेली असती, तर दुपारपासून तिने पाणी घेतले नसते.